येऊ घातलेले मुक्त सॉफ्टवेअर

२०२५ च्या दिवाळीच्या सुटीपूर्वी आमच्या शाळेच्या संगणक-कक्षापुढे एक पेच उभा राहिला. विंडोज १० या प्रणालीला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची मुदत १४ ऑक्टोबर रोजी संपत होती. ही मुदत काही अचानक आलेली नव्हती. ती प्रणाली २०१५ साली निघाली, दहा वर्षे चालली, आणि तिची अखेर कधी होणार हेही पुष्कळ आधी जाहीर झालेले होते. लक्ष नव्हते ते आमचेच. आमच्या कक्षातील चौदा संगणक माजी विद्यार्थ्यांनी २०१६ साली देणगीदाखल दिलेले आहेत. विंडोज ११ ला ज्या नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो तो त्यांत नाही. एका विक्रेत्याला बोलाविले तेव्हा त्याने यंत्रे सुरूही न करता ‘भंगारात काढा’ असा सल्ला दिला. वस्तुतः ती यंत्रे सकाळी सुरू केली की सायंकाळपर्यंत मुकाट्याने काम करीत होती.

व्यवस्थापक मंडळाच्या दोन बैठका झाल्या. नवे चौदा संगणक घेण्याइतका पैसा इंदुरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेपाशी कोठून असणार? अखेर त्याच यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवावी असे ठरले. हा निर्णय वर्गात सांगितला तेव्हा इयत्ता नववीतील एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, विकत घेतलेले दहा वर्षांत बंद होते, तर फुकट मिळालेले पुढे चालेल कशावरून?”

प्रश्न बिनतोड होता. त्या वेळी आम्ही त्याला जे उत्तर दिले त्याने आमचेच पुरते समाधान झाले नव्हते. म्हणून सुटीत थोडे वाचन केले, थोडे प्रयोग केले, आणि या मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात पुढे काय येऊ घातले आहे याचा जमेल तेवढा शोध घेतला. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम ‘मुक्त’ या शब्दाविषयी. गणिताच्या उत्तरपत्रिका तपासताना दोन प्रकारचे विद्यार्थी आढळतात. एक केवळ उत्तर लिहितो. दुसरा रीतीसह उत्तर लिहितो. पहिल्याचे उत्तर चुकले तर फुली मारण्यापलीकडे परीक्षकाला काही करता येत नाही. दुसऱ्याच्या पत्रिकेत मात्र चूक कोणत्या पायरीवर झाली हे बोट ठेवून दाखविता येते, आणि तीच रीत वापरून शेजारचे उदाहरणही सोडविता येते. सॉफ्टवेअरचेही असेच आहे. माणूस ज्या आज्ञा लिहितो त्यांची संहिता ही रीत होय. तिच्यापासून यंत्रासाठी तयार होणारे शून्य-एकांचे रूप हे उत्तर. विक्रीस येणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपल्या हाती उत्तर तेवढे पडते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये रीतही मिळते. शिवाय ती वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेली प्रत दुसऱ्यास देण्याची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते. फुकट मिळणे हा त्या परवानगीचा एक परिणाम आहे, तिचा अर्थ नव्हे.

या चळवळीचा इतिहास अनेकांनी सांगितलेला आहे, म्हणून तो दोन वाक्यांत आटोपतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली, आणि १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिला आवश्यक असलेला गाभा लिहून दिला. त्या गाभ्याचे नाव लिनक्स.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. मुक्त सॉफ्टवेअर करणारी मंडळी दमली, पांगली किंवा त्यांची संस्था बुडाली तर काय होते? याची खरी उदाहरणे आहेत. ब्लेंडर हे त्रिमिती चित्रे व चलच्चित्रे करण्याचे सॉफ्टवेअर एका डच कंपनीचे होते. तिचा कारभार थांबला, तेव्हा २००२ साली वापरणाऱ्यांनीच सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याची संहिता मुक्त करून घेतली. त्याच ब्लेंडरवर तयार झालेल्या ‘फ्लो’ या लॅटव्हियातील चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट सचेतपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. दुसरे उदाहरण आपल्या कक्षातले आहे. ओपनऑफिस हा लेखन-हिशेबाचा संच २०१० साली एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, तेव्हा त्यावर काम करणाऱ्या अनेकांना त्याच्या भवितव्याची शंका आली. त्यांनी संहितेची प्रत घेऊन त्याच वर्षी वेगळी चूल मांडली. तेच आजचे लिब्रेऑफिस. रीत हाती असली की दुसऱ्या कोणाला तरी ती पुढे चालविता येते, हे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे उत्तर इतके सुखावह नाही. पुढे चालविणारा ‘दुसरा कोणी तरी’ प्रत्येक वेळी भेटतोच असे नाही, आणि माणसे न मिळाल्याने थिजून राहिलेली मुक्त सॉफ्टवेअरेही पुष्कळ आहेत.

या कारखान्याचे दार उघडे असल्यामुळे उद्या काय येणार हे आजच आत डोकावून पाहता येते. अनेक प्रकल्प तर पंचांगासारखे चालतात. ग्नोम या डेस्कटॉपची नवी आवृत्ती दरवर्षी मार्चमध्ये व सप्टेंबरमध्ये निघते. लिब्रेऑफिसची फेब्रुवारीत व ऑगस्टमध्ये. उबुंटू या प्रणालीच्या आवृत्तीचा क्रमांकच मुळी वर्ष आणि महिना मिळून होतो. २६.०४ म्हणजे २०२६ चा एप्रिल. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघणाऱ्या अशा आवृत्तीला पाच वर्षे नेमाने दुरुस्त्या मिळतात. आमच्या कक्षात आम्ही बसविलेली लिनक्स मिंट २२ ही प्रणाली उबुंटूच्या २०२४ च्या आवृत्तीवर उभी आहे, म्हणून तिला २०२९ पर्यंतची हमी आहे. त्यानंतर त्याच यंत्रांवर पुढची आवृत्ती बसविण्यास कोणाची परवानगी मागावयास नको.

परंतु सगळेच असे वेळापत्रकाने येत नाही, हेही सांगितले पाहिजे. छायाचित्रे सुधारण्याचे गिंप हे सॉफ्टवेअर घ्या. अमेरिकेतील बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली ते लिहावयास घेतले. त्याची २.१० ही आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये निघाली आणि ३.० ही मार्च २०२५ मध्ये. मधली जवळजवळ सात वर्षे वापरणारे वाट पाहात राहिले. मौज अशी की, गिंपसाठी म्हणून बटणे, खिडक्या, याद्या काढण्याची जी हत्यारपेटी तयार झाली, ती पुढे स्वतंत्र होऊन इतर असंख्य सॉफ्टवेअरांचा आधार बनली. त्या पेटीची तिसरी आवृत्ती २०११ साली आली, चौथी २०२० साली. आणि जिच्यासाठी पेटी निर्माण झाली ती गिंप तिसरीपर्यंत पोहोचली २०२५ साली! चांभाराच्या पायात जोडा नसतो, तशातलाच हा प्रकार. काम करणारे हात मोजके आणि तेही बहुधा फावल्या वेळचे, हे त्याचे कारण. मात्र जे आले ते मोलाचे आहे. पूर्वी चित्रावर एखादा परिणाम केला की मूळ रंग त्यात कायमचे मिसळून जात. आता बरेचसे परिणाम चित्रावर ठेवलेल्या रंगीत काचेसारखे वेगळे राहतात. ती काच हवी तेव्हा काढता येते, फिकी वा गडद करता येते. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे नीट करताना हा फरक आमच्या विद्यार्थिनींनी पहिल्याच दिवशी ओळखला.

याहून मोठे, पण सहसा डोळ्यांना न दिसणारे एक स्थित्यंतर सांप्रत चालू आहे. संगणकाच्या पडद्यावर निरनिराळ्या सॉफ्टवेअरांच्या चौकटी दिसतात. त्या कोणी कोठे काढावयाच्या आणि दाबलेली कळ कोणाला पोहोचवावयाची, हे पाहणारा एक मध्यस्थ असतो. लिनक्सवर हे काम ‘एक्स’ नावाची व्यवस्था करीत आली. तिचा जन्म १९८४ चा. तिची अकरावी पिढी १९८७ साली आली आणि तीच तेव्हापासून वापरात राहिली. ज्या काळी ती घडली त्या काळी एका संस्थेतील ओळखीची माणसेच एकमेकांचे संगणक वापरीत. त्यामुळे तिची रचना जुन्या वाड्यासारखी झाली. सर्व बिऱ्हाडांची ओसरी एक. कोण काय बोलतो ते सर्वांना ऐकू येणार. एक्सच्या राज्यात एका चौकटीत तुम्ही परवलीचा शब्द लिहीत असता दुसऱ्या चौकटीतील सॉफ्टवेअरला त्या कळा टिपता येतात आणि पडदाही पाहता येतो. ओळखीच्या माणसांत हे खपून गेले. आज, कोठून कोठून आणलेले सॉफ्टवेअर एकाच यंत्रावर चालत असताना, हे खपणारे नाही.

म्हणून २००८ साली क्रिस्तियन होग्सबर्ग यांनी ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेस आरंभ केला. तीत प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःची खोली मिळते आणि दार लावता येते. मग इतकी वर्षे का लागली? दारे लावल्यावर ज्यांना ओसरीची खरोखरच गरज होती त्यांची अडचण झाली. वर्गात पडदा सर्वांना दाखविणे, पडद्याचे चित्र घेणे, यांसाठी एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याचे काम पाहणे आवश्यकच असते. सर्वांत अवघड प्रश्न होता तो अंध वाचकांना पडदा वाचून दाखविणाऱ्या ऑर्कासारख्या सॉफ्टवेअरचा. त्याला तर सर्व चौकटींवर लक्ष ठेवावेच लागते. अशा प्रत्येक गरजेसाठी परवानगी मागून उघडणारे वेगळे दार बसवावे लागले, आणि तेही निरनिराळ्या देशांतील, निरनिराळ्या मतांच्या माणसांनी वाद घालीत घालीत. ते काम आता शेवटच्या टप्प्यात आलेले आहे. ग्नोमने सप्टेंबर २०२५ च्या ४९ व्या आवृत्तीत एक्सची वाट मुळातच बंद ठेवली आणि २०२६ च्या मार्चमधील ५० व्या आवृत्तीतून ती काढून टाकण्याचे ठरविले. के.डी.ई. या दुसऱ्या मोठ्या डेस्कटॉपच्या मंडळींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की, त्यांच्या प्लाझ्माच्या ६.८ या आवृत्तीपासून वेलँड हाच एक मार्ग राहील आणि जुन्या वाटेची डागडुजी २०२७ च्या आरंभापर्यंत होईल. जुनी सॉफ्टवेअरे मात्र एका दुभाष्याच्या साहाय्याने नव्या घरातही चालतील. लिनक्स मिंटची मंडळी या बाबतीत अधिक सावध आहेत. त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये वेलँड दिले ते केवळ प्रयोग म्हणून. आमच्या मते शाळेसाठी हीच सावधगिरी बरी. अंध विद्यार्थ्याचे वाचन एक दिवसही बंद पडता कामा नये.

आता ज्या भागासाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला तो मराठीचा भाग. नव्या प्रणालीवर पहिल्याच तासाला इयत्ता आठवीतील एका मुलीने भूगोलाची टिपणे लिहिली. तिला लिहावयाचे होते ‘सह्याद्रीतील दऱ्या’. पडद्यावर उमटले ‘सह्याद्रीतील दर्या’. दरी नाहीशी होऊन तेथे समुद्र आला! मराठीत आचार्य आणि आचारी यांना जेवावयास बोलाविताना हा भेद सांभाळावाच लागतो: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’. एकात र हा य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. दुसऱ्यात तो य च्या आधी आडवी वक्र रेघ होऊन येतो. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाही, आणि आमच्या शहरातील यंत्रे बहुधा हिंदीसाठी मांडलेली असल्यामुळे ते रूप कसे काढावयाचे हे कोणी दाखवीतच नाही. वस्तुतः कळफलकावर ते आहे. सरकारमान्य इनस्क्रिप्ट पद्धतीत शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ‘ऱ’ येतो. त्याला हलन्त देऊन पुढे य लिहिला की ‘ऱ्य’. शिफ्ट धरून ल दाबला की ‘ळ’. एवढे दोन मुद्दे शिकविल्यावर दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड ही सर्व आपापल्या जागी आली.

यातली एक गंमत सांगण्याजोगी आहे. युनिकोड या जागतिक अक्षरतक्त्यात ‘ऱ’ समोर जी टीप आहे तीत ते अक्षर द्राविडी भाषांतील एका र-ध्वनीच्या लिप्यंतरासाठी असल्याचे म्हटले आहे. म्हणजे दक्षिणेकडील भाषांसाठी मांडलेल्या पाटावर मराठीचा अर्धा र जाऊन बसला. आणि या अक्षरांची जोडणी पडद्यावर करतो तो हार्फबझ नावाचा मुक्त सॉफ्टवेअरचा भाग. त्याचे नाव फारसी आहे. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, अँड्रॉइडचे फोन, सर्वांत तोच अक्षरे जुळवितो. कोणी तरी एकदा रीत नीट लिहिली आणि ती सर्वांना दिली, त्यामुळे जोडाक्षरांचा प्रश्न प्रत्येक सॉफ्टवेअरला नव्याने सोडवावा लागत नाही. नव्याने येऊ घातलेल्या सॉफ्टवेअरलाही याचा लाभ होतो. अँड्रियास क्लिंग यांनी सुरू केलेला लेडीबर्ड हा ब्राउझर, दुसऱ्या कोणाचे यंत्र उसने न घेता, पायापासून नवा बांधला जात आहे. त्याच्या पहिल्या चाचणी-आवृत्तीसाठी २०२६ हे वर्ष ठरविण्यात आले. आज बहुतेक ब्राउझर तीनच इंजिनांवर चालतात, म्हणून चौथ्याचे स्वागत केले पाहिजे. परंतु इतके नवे असताना तोही अक्षरे जुळविण्याचे काम हार्फबझवरच सोपवितो.

अक्षरे जुळली तरी शब्द तपासण्याचा प्रश्न उरतोच, आणि मराठीचे खरे घोडे तेथे अडले आहे. इंग्रजी शब्द तपासणे त्या मानाने सोपे. शब्दांची यादी केली की बरेचसे काम होते. मराठीत ‘घर’ हा एक शब्द यादीत घालून भागत नाही. घरात, घराला, घराचा, घरापुढे, घरापुढचा, घरापुढच्यांना, घरापुढच्यांनासुद्धा! प्रत्यय एकामागून एक डब्यांसारखे जोडले जातात, आणि सामान्यरूप होताना शब्दाचे अंगही बदलते. असा त्रास हंगेरियन भाषेलाही आहे. लास्लो नेमेथ यांनी आपल्या त्या भाषेसाठी जो शब्द-तपासनीस तयार केला त्याचे नाव हनस्पेल. तो मुक्त असल्यामुळे लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स या दोघांनी तो घेतला, आणि मराठीलाही तो मिळाला. त्याला दोन गोष्टी पुरवाव्या लागतात: मूळ शब्दांची यादी, आणि कोणत्या शब्दाला कोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम. मात्र तो शब्दाच्या शेवटचे दोन थर सोलून पाहतो. मराठी शब्दाला तीन-चार थर असले की जोडप्रत्यय आधीच तयार करून नियमांत घालावे लागतात. हे काम हंगेरीतील कोणी करणार नाही, की अमेरिकेतीलही कोणी करणार नाही. ते ज्याला मराठी येते त्यानेच करावयाचे आहे. मराठीसाठी शब्दयाद्या झालेल्या आहेत, वापरातही आहेत. पण अनेक बरोबर शब्दांखाली अजून तांबडी रेघ येते.

ती रेघ इंदुरातील मुलांना अधिक लागते, असे आमचे निरीक्षण आहे. घराबाहेर पाऊल टाकताच हिंदी. फोनवर हिंदी कळफलक, त्यात ‘ळ’ शोधून काढावा लागतो. आणि यंत्र हिंदीसाठी लावलेले असले तर मराठीचे पानच्या पान तांबड्या रेघांनी भरून जाते. लहान मुलाला त्याचा अर्थ एकच कळतो, की आपण लिहिले ते चुकले. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपली मातृभाषा म्हणजे चुकलेली हिंदी असे वाटू लागणे ही गोष्ट आम्हाला क्षुल्लक वाटत नाही. म्हणून आम्ही आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना एक दोनशेपानी वही दिली आणि सांगितले की, भाषा मराठी लावूनही ज्या बरोबर शब्दाखाली तांबडी रेघ येईल तो शब्द तीत उतरवा. शेजारी त्याचे मूळ रूप, लिंग आणि सामान्यरूप लिहा. व्याकरणाच्या तासाला जे कंटाळवाणे वाटे ते येथे मुले भांडून भांडून करू लागली. ‘पायथा’चे सामान्यरूप काय, ‘गहू’चे काय, हे आम्हालाही थांबून सांगावे लागले. ही वही आता प्रत्यय-नियमांच्या रूपात बसवून शब्दयादी सांभाळणाऱ्यांकडे पाठवावयाची आहे. ते तपासतील, काही नाकारतील. पण जे स्वीकारले जाईल ते पुढच्या आवृत्तीबरोबर पुण्यात, बेळगावात, बडोद्यात, जेथे कोठे मराठी लिहिले जाते तेथे पोहोचेल.

बोललेली मराठी यंत्राने लिहून घ्यावी, ही अपेक्षाही आता दूरची राहिलेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये निघालेल्या व्हिस्पर या मुक्त सॉफ्टवेअरला ज्या अनेक भाषा थोड्याफार कळतात त्यांत मराठी आहे. परंतु इंग्रजीइतकी ती त्याला कळत नाही, कारण त्याने मराठी फारशी ऐकलेलीच नाही. मोझिला संस्थेने २०१७ साली सुरू केलेल्या ‘कॉमन व्हॉइस’ या उपक्रमात लोक आपल्या भाषेतील वाक्ये वाचून आवाज दान करतात, इतर लोक ऐकून ते वाचन बरोबर की चूक हे सांगतात, आणि तो साठा कोणालाही वापरण्यास मोकळा असतो. मराठीलाही त्यात जागा आहे. माळव्यातील मराठीचा हेल वेगळा. तो त्या साठ्यात गेला नाही तर उद्याचे यंत्र आमच्या आजीबाईंचे बोलणे समजणार नाही. पालकांची संमती घेऊन हा प्रयोग करावा असा विचार आहे.

मोबाइलच्या बाबतीत मात्र इतक्या उमेदीने लिहिता येत नाही. अँड्रॉइडचा पाया मुक्त आहे, आणि त्यावर चालणारा पहिला फोन २००८ साली आला. पण मार्च २०२५ मध्ये गुगलने सांगितले की, यापुढे त्यावरील काम आतल्या आत चालेल आणि आवृत्ती तयार झाल्यावर संहिता बाहेर ठेवण्यात येईल. म्हणजे रीत मिळेल, परंतु उदाहरण सुटत असताना पाहता येणार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये दुसरी घोषणा झाली: अ‍ॅप करणाऱ्या प्रत्येकाने आपली ओळख गुगलकडे नोंदवावी, एरवी मान्यताप्राप्त फोनवर त्याचे अ‍ॅप बसणार नाही. याचा आरंभ सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड या चार देशांत आणि २०२७ पासून इतरत्र करण्याचे योजिले गेले. एफ-ड्रॉइड या नावाने २०१० पासून केवळ मुक्त अ‍ॅपे देणारे भांडार चालते. त्याच्या चालकांनी या योजनेला कडाडून विरोध केला. पुढे नोव्हेंबरमध्ये, जाणत्या वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी वाट ठेवू, असे गुगलने सांगितले.

या वादात दोन्ही बाजूंस काही तथ्य आहे. खोटी अ‍ॅपे बसवावयास लावून वृद्धांचे पैसे लुबाडणारे भामटे सर्वत्र आहेत. त्यांना आळा घातलाच पाहिजे. पण दहावीतील एखाद्या मुलाने आपल्या शाळेसाठी पाढ्यांचे अ‍ॅप केले, तर ते वर्गमित्राच्या फोनवर घालण्यासाठी त्याने दूरदेशीच्या कंपनीत नाव नोंदवावे, हे आम्हाला पटत नाही. वेगळी वाट ठेवण्यात येईल ती चालण्याजोगी असावी, एवढीच अपेक्षा.

या सर्वांतून सुटण्यासाठी फोनवर सरळ लिनक्सच बसवावे, असा २०१७ पासून चाललेला पोस्टमार्केटओएस नावाचा एक प्रयत्न आहे. फोन दहा वर्षे टिकावा हे त्याचे ध्येय. ध्येय उत्तम; पण फोनमधील कॅमेरा, मोडेम यांच्या आतील माहिती कंपन्या सहसा देत नाहीत, म्हणून एकेक फोन धक्क्याधक्क्याने चालू करावा लागतो. ज्याच्यापाशी एकच फोन आहे त्याने तो यासाठी वापरू नये. जुना, टाकून दिलेला फोन असेल तर मात्र अवश्य हात घालावा.

आमच्या चौदा यंत्रांपैकी तेरा नव्या प्रणालीवर चालत आहेत. चौदाव्याची डिस्क बिघडली. त्याला सॉफ्टवेअरचा इलाज नाही. जुना छापयंत्र-स्कॅनर छापतो, पण स्कॅन करावयास अद्याप राजी नाही. ज्याने प्रश्न विचारला होता त्या विद्यार्थ्याला २०२९ चे उत्तर सांगितले तेव्हा त्याने वहीत ते साल लिहून ठेवले आणि “त्यानंतर कोण करणार?” असे विचारले, त्यावर आम्ही त्याला शब्दांची ती वही दिली. ती सध्या त्याच्यापाशीच आहे. ‘जिलबी’ यादीत आहे, पण इंदूरकरांची ‘जलेबी’ घालावयाची की नाही, यावरचा वर्गातील वाद अजून मिटलेला नाही.